पन्नाशीची पद्मिनी आणि बोरघाट
(जुनी गाडी नवी करताना काय बदलावं आणि कशाला हात लावू नये)

"जुनं ते सोनं" असं आपण सगळेच म्हणतो, पण सोन्याला ब्रेक लावावे लागत नाहीत. जुन्या गाडीला लागतात, आणि तेसुद्धा आपल्या बोरघाटात! गेल्या दोन वर्षांत मामाच्या फियाटवर काम करताना जे वाचलं, मोजलं आणि हाताने खोललं ते या लेखात मांडतोय. मेकॅनिकलवाल्यांनी थर्मो आणि मशीन डिझाइनची उजळणी म्हणून वाचावं, बाकीच्यांनी घरात एखादी जुनी गाडी किंवा बाइक ताडपत्रीखाली पडून असेल तर तिच्यासाठी वाचावं.

परदेशात या प्रकाराला 'रेस्टोमॉड' म्हणतात. रिस्टोरेशन म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तशी पुन्हा करणं आणि मॉडिफिकेशन म्हणजे तिच्यात बदल करणं. दोन्हीचं लग्न लावलं की रेस्टोमॉड. बाहेरून जुनं रूप, आतून नवे ब्रेक, नवं सस्पेन्शन, नवी वायरिंग, एसी. कॅलिफोर्नियात सिंगर नावाची कंपनी २००९ पासून जुन्या पोर्शे ९११ घेऊन हाच धंदा करते. त्या गाड्यांच्या किमती ऐकल्या तर आपली चार वर्षांची फी चिल्लर वाटेल.

आता तुम्ही म्हणाल, पोर्शे कुठे आणि फियाट कुठे! पण आपल्याकडे स्पोर्ट्स कार होत्या किती? मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या तेव्हा त्यात फियाटही पळायच्या. जी गाडी घरची मंडळी लग्नाला घेऊन जायची, तिचीच भावंडं रविवारी रेसला उभी राहायची. म्हणून आपल्यासाठी 'क्लासिक' म्हणजे हीच.

थोडा इतिहास

प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाची कंपनी, स्थापना १९४४. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्याने गाड्या बनायच्या. १९६४ पासून फियाट ११००डी आली, जिला लोक 'डिलाइट' म्हणायचे. १९७४ मध्ये तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, चितोडच्या राणीवरून. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं युग संपलं. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत आणि त्यातली एक खोपोलीत मामाच्या दारात उभी आहे.

गाडीची कुंडली अशी: चार सिलिंडर, १०८९ सीसी, सुमारे ४० बीएचपी. चार गियर आणि गियरचा दांडा स्टिअरिंगच्या कॉलमवर. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. वजन ९०० किलोच्या आसपास. वेगळी चॅसिस नाही. बॉडी हीच चॅसिस, म्हणजे मोनोकॉक. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मामाची गाडी १९७५ ची. आजोबांनी सेकंडहँड घेतलेली. घरात दुसरी चारचाकी नाही. महिन्यातून एकदा आजीला पुण्याला डॉक्टरांकडे न्यायचं असतं आणि आजी एसटीत बसू शकत नाही. त्यामुळे ही गाडी शोसाठी नाही, कामासाठी आहे. महिन्यातून एकदा ती बोरघाट चढते आणि उतरते.

पहिला प्रश्न: गाडी कशासाठी हवी?

इंटरनेटवर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ पाहिले की सगळ्यांची सुरुवात इंजिनापासून होते. किती बीएचपी वाढले, एक्झॉस्टचा आवाज कसा येतो वगैरे. आमच्याकडेही हाच सल्ला आधी आला. एका गॅरेजवाल्याने तर "मोठं इंजिन टाकून देतो, गाडी विमानासारखी पळेल" असं सांगितलं. मामा म्हणाला, "अरे, विमानासारखी पळेल, पण थांबणार कशी?"

मला वाटतं, या एका वाक्यात अख्खा विषय आला. आधी थांबणं, मग गार राहणं, मग दिसणं (म्हणजे दिवे), मग आराम आणि सर्वात शेवटी वेग. आम्ही याच क्रमाने गेलो आणि लेखही त्याच क्रमाने लिहितोय.

थांबणं: घाटाचं गणित

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता पुण्याहून परत येत होतो. गाडीत मामा, मी, आजी, मामी आणि डिकीत सामान. खंडाळा सोडलं, पुढे ट्रकांची रांग, त्यामुळे सतत ब्रेक. अर्ध्या घाटात मामाचा पाय नेहमीपेक्षा खाली जायला लागला. मग आणखी खाली. जळका वास आला. मामाने काही न बोलता दुसरा गियर टाकला, इंजिन ओरडलं, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी कडेला रुंद जागेत घेतली आणि चाकामागे दगड लावायला मला खाली उतरवलं. आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. तिला वाटलं चहासाठी थांबलोय. पाऊण तास थांबलो तेव्हा पेडल परत वर आलं.

याला 'ब्रेक फेड' म्हणतात. का होतं ते बघू.

खंडाळा-लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आणि खोपोली घाटाच्या पायथ्याशी. फरक धरू ५५० मीटर. माणसं आणि सामान धरून गाडी १२०० किलो. बारावीचं सूत्र, एमजीएच: १२०० × ९.८१ × ५५० म्हणजे जवळपास ६५ लाख ज्यूल. एवढ्या ऊर्जेत २० लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येतं. हॉस्टेलवर आंघोळीच्या बादलीसाठी गीझरपुढे लागणारी रांग आठवा. ती मोठी बादली उकळवण्याएवढी उष्णता आपण एका घाटात सोडतो.

हीच ऊर्जा वापरून आपल्या शेजारी वीज तयार होते. लोणावळ्याच्या बाजूच्या धरणांचं पाणी मोठ्या पाइपांतून पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला येतं आणि टाटांचं वीजकेंद्र त्यावर १९१५ पासून चालतं. पाणी उतरलं की टर्बाइन फिरतं. गाडी उतरली की? टर्बाइन नाही, मग ती ऊर्जा जाणार कुठे?

काही भाग टायरच्या घर्षणात आणि हवेच्या विरोधात जातो. तेरा किलोमीटरचा घाट आणि ताशी ४० चा वेग धरून मी हिशोब केला तर जवळपास निम्मी ऊर्जा अशी जाते. उरते ३२ लाख ज्यूलच्या आसपास. ही इंजिन आणि ब्रेक यांनी वाटून घ्यायची असते. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर इंजिनचा वाटा शून्य, सगळं ब्रेकवर. चार ड्रमचं बिडाचं वजन मिळून २० किलो धरा. बिडाची विशिष्ट उष्णता किलोला ४६० ज्यूल प्रति अंश. ३२ लाखाला ९२०० ने भागा: तापमानवाढ साडेतीनशे अंशांच्या घरात! वाऱ्याने थोडं गार होईल, पण पुढचे ड्रम मागच्यांपेक्षा जास्त काम करतात, त्यामुळे त्यांची अवस्था वाईटच.

आता ड्रम एवढा तापला की तीन गोष्टी घडतात. एक, लोखंड प्रसरण पावतं, ड्रमचा व्यास वाढतो आणि तो शू पासून लांब जातो. म्हणून पेडल खाली जातं. दोन, लायनिंगचं घर्षण गुणांक कमी होतो, म्हणजे जोर लावूनही पकड नाही. तीन, ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषून घेतं. नवीन डॉट-३ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश, पण ओल धरल्यावर तो १४० पर्यंत येतो. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे येतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय थेट फळीवर.

पावसाळ्यात आपल्या भागात भिंतींना पाझर फुटतो, कपाटातल्या शर्टांना बुरशी येते. अशा हवेत चार वर्षं न बदललेलं ब्रेक ऑइल कोणत्या अवस्थेत असेल?

रेल्वेवाल्यांना हे दीडशे वर्षांपासून माहीत आहे. कर्जत स्टेशनवर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागताना आपण रोज बघतो. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या घाटात चढ १ मध्ये ३७ पर्यंत आहे. चढताना जोर लागतो हे कुणालाही कळतं. पण उतरतानाही रेल्वे तेवढीच काळजी घेते: इंजिनच्या मोटारींना उलटं जनरेटर बनवून गाडी रोखतात आणि ताबा सुटलेल्या गाडीसाठी कॅच सायडिंग ठेवतात. आपल्या गाडीत बँकर नाही, पण दुसरा गियर आहे. थ्रॉटल बंद ठेवून दुसऱ्या गियरमध्ये उतरलं की छोटं इंजिनसुद्धा पाच-सहा किलोवॅट सहज खातं. त्या वेगाने घाटातली बहुतेक ऊर्जा इंजिन आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. ब्रेक फक्त वळणावर. पहिलं 'मॉडिफिकेशन' म्हणजे हे, आणि ते फुकट आहे.

मग डिस्क ब्रेक का नाही टाकत?

हा प्रश्न मला व्हायव्हामध्येही विचारला गेला. डिस्क उघड्यावर असते, लवकर गार होते, तापून फुगली तरी पॅडपासून लांब जात नाही. सगळं खरं. पण ड्रममध्ये एक गंमत आहे. ड्रम फिरताना पुढच्या शूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे पायाला कमी जोर लागतो. डिस्कमध्ये हा फायदा नाही. म्हणून डिस्क टाकली की व्हॅक्यूम बूस्टर हवा. बूस्टरला जागा हवी. डिस्कच्या कॅलिपरला जास्त ऑइल लागतं, म्हणून मास्टर सिलिंडर बदला. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो; तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतील, म्हणून तो काढा. बूस्टरमुळे लाइनमधला दाब वाढला तर मागच्या चाकांचं प्रमाण पुन्हा जमवा, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतील आणि गाडी फिरेल. शिवाय कॅलिपर ज्या ब्रॅकेटवर बसणार तो कुणी डिझाइन केला? लेथवर कापलेली प्लेट दिसायला छान असते, पण घाटातल्या प्रत्येक ब्रेकला सगळा टॉर्क तिच्यातूनच जाणार आहे.

थोडक्यात, एक बदललं की पाच बदलावे लागतात. पाचही नीट केले तर डिस्क उत्तमच. पण चार करून पाचवं सोडलं तर जुने ड्रम बरे.

आम्ही काय केलं ते सांगतो. ड्रम खोलून मोजले, मर्यादेत होते तेवढेच लेथवर साफ केले, दोन बदलले. नवे शू, नवे व्हील सिलिंडर, नवे रबरी होज. डॉट-४ ऑइल, ज्याचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० आणि ओलं असताना १५५ अंश. हे ऑइल आता दर पावसाळ्यानंतर बदलतो. आणि सर्वात महत्त्वाचं, सिंगल सर्किटच्या जागी टँडम मास्टर सिलिंडर. जुन्या पद्धतीत एका चाकाचा पाइप फुटला तरी चारही ब्रेक जातात. टँडममध्ये पुढची आणि मागची लाइन वेगळी, एक गेली तरी दुसरी जिवंत. माझ्या मते जुन्या गाडीत करण्यासारखा हा पहिला बदल.

सुटे भाग कुठे मिळाले? कुर्ल्यात, सीएसटी रोडला. जिथे गाडी जन्मली तिथेच तिचे अवयव मिळतात. मिस्त्रींनी मात्र एक सूचना दिली: "रबर आणि ब्रेकचा माल कबाडीतला घ्यायचा नाही. हँडल, काच, बंपर घे पाहिजे तर."

गार राहणं आणि उजेड पाडणं

आता उलटा प्रवास, खोपोलीहून वर. १ मध्ये १२ चा चढ, वेग ४०, वजन तेच. चाकांवर लागणारी शक्ती काढली तर १८ बीएचपीच्या आसपास येते. कागदावर इंजिन ४० चं आहे, पण ते पूर्ण आरपीएमला आणि नवं असताना. म्हणजे चढावर ते बऱ्यापैकी घाम गाळत असतं. आणि पेट्रोल इंजिनाचा ढोबळ नियम असा की जेवढं काम चाकांना मिळतं, साधारण तेवढीच उष्णता कूलंटमध्ये जाते. त्यात ट्रॅफिक अडकलं तर इंजिनवर फिरणारा पंखा आयडलला आळशी होतो. म्हणून घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतात.

उपाय: रेडिएटर खोलून आतून साफ (आमच्या रेडिएटरमधून निघालेला गाळ बघून सिव्हिलवाले मित्र खूष झाले असते), नवा थर्मोस्टॅट, कूलंट आणि तापमानावर चालू-बंद होणारा इलेक्ट्रिक पंखा. पण पंखा आला की विजेची भूक वाढते. गाडीवर डायनॅमो होता, जो आयडलला फारसं चार्जच करत नाही. म्हणून अल्टरनेटर. अल्टरनेटर आला की पन्नास वर्षांची कडक झालेली वायरिंग जास्त करंट सहन करणार का? म्हणून नवी वायरिंग, प्रत्येक सर्किटला वेगळा फ्यूज, हेडलाइटला रिले. रिलेमुळे दिव्यांचा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून न जाता बॅटरीतून थेट जातो आणि त्याच बल्बचा उजेड दिसेल इतका वाढतो. धुक्यातल्या खंडाळ्यात याची किंमत कळते.

सोबत इग्निशनचे पॉइंट काढून डिस्ट्रिब्युटरमध्ये हॉल सेन्सर बसवला. पॉइंट झिजतात, गॅप बदलते, टायमिंग सरकतं. सेन्सरला झीज नाही. बाहेरून डिस्ट्रिब्युटर तसाच दिसतो.

पेट्रोलच बदललंय

हा मुद्दा कुणी सांगत नाही. १९७५ च्या इंजिनसाठी जे पेट्रोल होतं ते आज मिळतच नाही. शिसं घातलेलं पेट्रोल देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. शिसं व्हॉल्व्ह सीटला वंगणासारखं सांभाळायचं, म्हणून हेड उघडलंच आहे तर कडक सीट बसवून घ्यावी. आणि आता पंपावर ई-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, पाणी ओढून घेतं आणि टाकीतला पन्नास वर्षांचा गंज सुटा करून कार्ब्युरेटरकडे पाठवतं. शिवाय साध्या पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. ई-२० साठी हे प्रमाण १३.५ च्या आसपास येतं. नव्या गाडीत सेन्सर हे समजून घेतो. आपल्या कार्ब्युरेटरला सेन्सर कुठला? तो जुन्याच मापाने पेट्रोल देतो, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि चढावर धाप लागते. म्हणून इथेनॉल सहन करणारे होज, नवा डायफ्रॅम, टाकी साफ आणि मेन जेट थोडा मोठा. आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल जायला हवं इतका. स्पार्क प्लगचा रंग बघून हा जेट जमवायला आम्हाला तीन रविवार लागले.

इंजिन बदलायचं का?

प्रीमियरचीच ११८एनई ही गाडी १९८५ मध्ये आली. तिच्यात निसानचं ११७१ सीसीचं, सुमारे ५२ बीएचपीचं इंजिन होतं. पद्मिनीत हे इंजिन टाकणारे बरेच होते. बारा बीएचपी म्हणजे मूळच्या तीस टक्के वाढ. पण वाढलेला टॉर्क गियरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल या क्रमाने खाली जातो आणि साखळी सगळ्यात कमजोर कडीला तुटते. वेग वाढला की गतिज ऊर्जा वर्गाने वाढते. ताशी ६० ऐवजी ८० वरून थांबायचं तर ब्रेकवर पावणेदोन पट भार. परत मामाच्याच प्रश्नावर आलो.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, २००० च्या दुरुस्तीनंतर, सांगतं की आरसी बुकातले तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्यामुळे इंजिन, बॉडी, इंधन याला हात लावण्याआधी आरटीओची परवानगी. नाहीतर अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्या तपासणीच्या वेळी आम्ही केलेले सगळे बदल कागदावर लिहून नेले होते.

इंजिन आम्ही तेच ठेवलं. पिस्टन रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह नवे. बस्स.

आराम

आराम म्हणजे चैन असं मला आधी वाटायचं. पण थकलेला ड्रायव्हर हासुद्धा सुरक्षेचाच प्रश्न आहे.

पुढच्या बाकाच्या स्प्रिंगा गेल्या होत्या. नवा फोम, जुन्याच रंगाचं रेक्झिन, आजीसाठी पाठीला उंच आधार. सीट बेल्ट मूळ गाडीत नव्हतेच. इथे तो मोनोकॉकचा मुद्दा आठवा. बेल्ट पातळ पत्र्याला भोक पाडून लावला तर धक्क्यात पत्र्यासकट उपटून येईल. मागून जाड स्प्रेडर प्लेट देऊन, पत्रा गंजलेला नाही हे बघून, मगच बोल्ट. आमच्या गाडीत एका बाजूचा सिल इतका कुजला होता की आधी तो कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागला. मोनोकॉकमध्ये गंज म्हणजे चॅसिसलाच गंज.

टायर रेडियल घेतले, चारही एकदम. रेडियल आणि जुने क्रॉस-प्लाय यांची सरमिसळ करू नये, वळणावर दोघांचं वागणं वेगळं असतं. एसी? कॉम्प्रेसर तीन-चार बीएचपी खातो. ४० पैकी चार म्हणजे दहा टक्के, तेही चढावर. मामीने मागणी केली होती, मतदान झालं, एसी हरला. त्याऐवजी इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला उष्णता आणि आवाज रोखणारा थर लावला आणि दारांची रबरं बदलली. पूर्वी घाटात ओरडून बोलावं लागायचं, आता आजी मागे झोपते.

शेवटचा आणि खरा पेच

काम अर्ध्यावर असताना मामासमोर एक वेगळाच प्रस्ताव आला. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची असते. आधी नोंदलेल्या गाडीला जुनाच नंबर ठेवता येतो. मामाची गाडी २०२५ मध्ये पन्नाशीची झाली. एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं, "सगळं मूळचं ठेव, व्हिंटेज कर, किंमत वाढेल."

पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. आणि अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठी. रोजच्या वापरासाठी नाही. आजीला डॉक्टरांकडे नेणं हे त्या यादीत बसत नाही.

म्हणजे निवड सरळ होती. गाडी जपायची की वापरायची? मामा दोन दिवस गप्प होता. आजोबांची आठवण म्हणून तिला जसंच्या तसं ठेवावं असंही त्याला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाबांनी ही गाडी बघायला नव्हती घेतली. आईला फिरवायला घेतली होती."

मग आम्ही एक नियम केला. जे बदलू ते बोल्टने लागणारं आणि बोल्टने निघणारं. काढलेला प्रत्येक भाग साफ करून, ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून पेटीत. डायनॅमो, जुना मास्टर सिलिंडर, पॉइंट, पंखा, सगळं माळ्यावर आहे. इंजिन नंबर, चॅसिस नंबर, बॉडीचा आकार जसाच्या तसा. उद्या कुणाला ही गाडी मूळ रूपात न्यायची इच्छा झाली तर एका आठवड्याचं काम. तोपर्यंत ती घाट चढेल.

मित्रांनो, फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधताना आपण सोलर, ड्रोन, रोबोट यामागे धावतो. चांगलंच आहे. पण तुमच्या गावात एखाद्या शेडमध्ये लॅम्ब्रेटा, जावा, जुनी जीप, फियाट नक्की पडून असेल. तिच्यात थर्मोडायनॅमिक्स, मटेरियल, इलेक्ट्रिकल, अगदी कायदासुद्धा एकाच बॉनेटखाली शिकायला मिळतो. फक्त सुरुवात ब्रेकपासून करा. आणि रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून बाइकवर परतणाऱ्या हॉस्टेलच्या वीरांनो, पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरू नका. वाचलेल्या पेट्रोलमध्ये एक वडापावसुद्धा येत नाही.